गर्दीच्या आधी खेळाडू हेरायचा कसा : एफपीएलवाल्यांसाठी

फँटसी प्रीमियर लीग (एफपीएल) म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉल खेळाडूंची टीम लावून त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायचा ऑनलाइन गेम. त्यात 'डिफरेन्शियल', म्हणजे फार थोड्यांकडे असलेला खेळाडू, या नावाखाली जेवढा वेडेपणा खपतो तेवढा दुसऱ्या कशाच्या नावाखाली खपत नसेल. दोन टक्के लोकांकडे असलेला कुणी विंगर घ्यायचा, तो ८१व्या मिनिटाला बेंचवरून उतरणार, एक पॉइंट देणार, आणि आपण ग्रुपवर टाकायचं, "रिस्क घेतली होती." कसली रिस्क? अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी त्याला घेतला नव्हता आणि बरोबर केलं होतं.

ओनरशिप, म्हणजे खेळाडू किती टक्के टीममध्ये आहे तो आकडा, कमी आहे म्हणून खेळाडू घ्यायचा नसतो. आधी तो पॉइंट देईल का ते ठरवायचं, आणि मग इतका चांगला असून तो कुणाकडेच कसा नाही ते शोधायचं. शोधल्यावर 'लोकांच्या अजून लक्षात आलेलं नाही' असं उत्तर आलं तर घ्या. 'तो नीट खेळतच नाही' असं आलं तर पुढे चला. बाकी सगळं हे दुसरं उत्तर पटकन कसं ओळखायचं एवढ्यावरच आहे.

मी कोल्हापूरची, शिरोलीला एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. आमच्या मिनी लीगमध्ये, म्हणजे ओळखीच्यांच्या छोट्या गटात, १६ जण आहेत, बहुतेक माझ्या दादाचे तालमीतले दोस्त. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या फुटबॉल मॅचला घसा बसेपर्यंत ओरडणारी ही माणसं शनिवारी दुपारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, आणि माझ्या टीममध्ये एखादं अनोळखी नाव दिसलं की दादाचा फोन येतो, "अगं, ह्यो कोण?" ज्या आठवड्यात हा फोन येत नाही त्या आठवड्यात मी गृहपाठ केलेला नसतो असं समजायचं.

नियम माहीत असतील असं धरून चालते, तरी नवख्यांसाठी दोन ओळी. १०० मिलियन पाउंडांत १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. ३८ गेमवीक, म्हणजे सामन्यांच्या ३८ फेऱ्या. दर आठवड्याला एक बदली फुकट, वापरली नाही तर पाचपर्यंत साठते, त्यावरच्या प्रत्येक बदलीला ४ पॉइंट वजा (याला हिट म्हणतात). कॅप्टनचे पॉइंट दुप्पट. पैसे भरावे लागत नाहीत.

कुणाची जागा रिकामी झाली?

कोल पामरचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. १ सप्टेंबर २०२३ला तो मँचेस्टर सिटीतून चेल्सीत आला तेव्हा गेममध्ये त्याची किंमत ५ मिलियनच्या आसपास होती. हंगाम संपला तेव्हा २२ गोल, ११ असिस्ट, २४४ पॉइंट. त्या वर्षी त्याच्यापेक्षा जास्त पॉइंट कुणाचेच नव्हते. आता लोक म्हणतात, टॅलेंट ओळखता यायला पाहिजे. टॅलेंट ओळखायची नजर आपल्याला असती तर आपण ऑफिसात व्हाउचर कशाला तपासत बसलो असतो? इथं ओळखायची गोष्ट फार साधी होती. ऑगस्टमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध चेल्सीला पेनल्टी मिळाली, ती एन्झो फर्नांडेसनं घालवली. म्हणजे त्या क्लबात पेनल्टी कुणाची हे पक्कं नव्हतं. ७ ऑक्टोबरला बर्नलीविरुद्ध ती पामरनं घेतली आणि मारली. मग आर्सेनलविरुद्ध त्यानंच. मग टॉटनहॅमविरुद्ध. मग १२ नोव्हेंबरला सिटीविरुद्धच्या ४-४च्या मॅचमध्ये ९५व्या मिनिटाला. त्या हंगामातल्या २२ गोलांपैकी ९ पेनल्टीवरचे. बर्नलीच्या मॅचनंतर लगेच नको, एक मॅच योगायोग असू शकते. पण आर्सेनलविरुद्धही त्यानंच चेंडू उचलला तेव्हा कामाची वाटणी झाली होती आणि ती सगळ्यांना टीव्हीवर दिसली होती. तिथून पुढे तो आपल्या टीममध्ये नसणं हा निव्वळ आळस.

पुढच्याच वर्षी ब्रेंटफर्डमध्ये तेच. आयव्हन टोनी ऑगस्ट २०२४मध्ये सौदीच्या अल-अहलीला गेला, पेनल्टी ब्रायन एंबेमोकडे आल्या. किंमत ७ मिलियन, हंगामात २० गोल.

म्हणून माझ्याकडे एक वही आहे. वीस क्लब, प्रत्येकासमोर चार रकाने : पेनल्टी कोण घेतो, तो मैदानात नसेल तर कोण, उजवीकडचे कॉर्नर, डावीकडचे कॉर्नर. ऑगस्टमध्ये ही वही भरायला एक रविवार जातो, नंतर आठवड्याला दहा मिनिटं. कुणी जखमी झाला, विकला गेला, बेंचवर बसला की मी त्याच्या बातमीपेक्षा आधी दुसऱ्या रकान्यातलं नाव बघते. बातमी वाचून सगळे जखमी खेळाडूला विकायला धावतात. त्याचं काम कुणाकडे गेलं हे त्या दिवशी फार थोडे जण विचारतात, आणि आपल्याला हवा तो खेळाडू त्या प्रश्नाच्या उत्तरात असतो.

कागदावर एक, मैदानावर दुसरं

गेम हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाला डिफेंडर, मिडफिल्डर असा शिक्का मारतो आणि तो वर्षभर बदलत नाही. प्रशिक्षकाला मात्र त्या शिक्क्याशी देणंघेणं नसतं. २०१९-२०ला शेफील्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम ४ मिलियनला मिळत होता, डिफेंडर म्हणून, आणि खेळत होता मिडफिल्डला. डिफेंडरच्या गोलला ६ पॉइंट, शिवाय गोल न खाल्ल्याचे, म्हणजे क्लीन शीटचे, ४. नोव्हेंबरमध्ये बर्नलीविरुद्ध दोन गोल आणि क्लीन शीट : २१ पॉइंट.

त्याच हंगामाच्या शेवटी, जुलै २०२०मध्ये, वेस्ट हॅमच्या मिखाइल अँटोनिओनं नॉर्विचविरुद्ध चार गोल मारले. खेळत होता सरळ स्ट्रायकर, शिक्का मिडफिल्डरचा. हिशोब करून बघा. चार गोलांचे प्रत्येकी ५ म्हणजे २०, ६० मिनिटांच्या वर खेळल्याचे २, क्लीन शीटचा १, मॅचमधल्या सर्वांत चांगल्या खेळाचा बोनस ३ : एकूण २६. फॉरवर्डचा शिक्का असता तर त्याच खेळाला २१.

अशी माणसं हायलाइट्समध्ये सापडत नाहीत, कारण तिथं फक्त गोल दाखवतात. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये सिटीचा योश्को ग्वार्दिओल लेफ्ट बॅक म्हणून खेळायचा आणि थेट समोरच्या बॉक्समध्ये सापडायचा. लुटन, फॉरेस्ट, मग फुलमविरुद्ध दोन, असे चार गोल त्यानं महिन्याभरात केले. आठवड्याला एक मॅच पूर्ण बघा, तीसुद्धा आपल्या आवडत्या क्लबची नको. चेंडू सोडून द्या, बॅक कुठपर्यंत वर जातोय ते बघा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही, तिथं मागे एक जण रेड्यासारखा ओरडत असतो, "अरे डावीकडं मोकळा हाय त्यो!"

आकडे : किती मानायचे

एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक शॉटला तो गोल होण्याची शक्यता ० ते १मध्ये मोजतात. पेनल्टी साधारण ०.८, तीस यार्डांवरून हाणलेला चेंडू जेमतेम ०.०३-०.०४. २०२२-२३पासून हे आकडे एफपीएलच्या ॲपमध्येच दिसतात, दुसरीकडे पैसे भरायची गरज नाही.

मी बघते ते असं. गेल्या सहा मॅचचा एक्सजी घ्यायचा, त्यातून पेनल्टी वजा करायच्या, खेळलेल्या मिनिटांनी भागून दर ९० मिनिटांचा काढायचा. पेनल्टी वजा का? कारण त्या वहीत वेगळ्या लिहिल्या आहेत, एकच गोष्ट दोनदा मोजायची नाही. मग असा माणूस शोधायचा ज्याचा आकडा दर मॅचला ०.४च्या वर आहे आणि प्रत्यक्षात गोल शून्य किंवा एक. पॉइंटच्या यादीत तो खाली असतो, म्हणून लोक त्याच्यापर्यंत स्क्रोलच करत नाहीत. त्याचे शॉट बॉक्सच्या आतून असतील आणि तो दर आठवड्याला सुरुवातीपासून खेळत असेल तर मला तेवढं पुरतं.

याच्या उलट, दोन लांबचे गोल मारून आठवड्याचा हिरो झालेला माणूस. रविवारी रात्री लाखो लोक त्याला घेतात, सकाळी उठेपर्यंत किंमत ०.१नं वाढलेली असते. त्याच्या मागे धावू नका.

पण आकड्यांपुढे फार वाकायचंही नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वुडनं २०२४-२५ला २० गोल आणि २०० पॉइंट केले, सुरुवातीची किंमत ६ मिलियन. त्याचे गोल एक्सजीपेक्षा बरेच जास्त होते, म्हणून हिशोबी मंडळी महिनोन्‌महिने 'आता थांबेल, आता थांबेल' म्हणत बसली. थांबला नाही. तो दर मॅचला सुरुवातीपासून उतरत होता, पेनल्टी त्याच्याकडे होत्या आणि टीमचा सगळा खेळ त्याच्या डोक्यावर चेंडू टाकण्यासाठी आखलेला होता. अशा तीन गोष्टी जुळत असतील तर एक्सजीची कुरकुर मी ऐकून सोडून देते.

डिफेंडरसाठी २०२५-२६पासून गणित बदललंय. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून एका मॅचमध्ये १० झाले की २ पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डना १२ लागतात, पण त्यांच्यात परत मिळवलेले चेंडूही धरतात. आमच्या लीगमध्ये अजून निम्मे लोक जुन्याच पद्धतीनं मोठ्या क्लबचे डिफेंडर घेऊन क्लीन शीटची वाट बघतात. मोठ्या क्लबच्या सेंटर बॅकला मॅचभर काम नसतं. सतत मार खाणाऱ्या टीमचा, एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीसारखा चेंडू डोक्यानं परतवत राहणारा माणूस हरलेल्या मॅचमध्येही चार पॉइंट घेऊन येऊ शकतो. यात मजा कमी आहे, त्यामुळे गर्दीही कमी आहे.

मिनिटं

वर जे लिहिलं त्याच्याही आधी ही चाळणी लावा. ६० मिनिटं झाली तर २ पॉइंट आणि क्लीन शीटचा हक्क. ५८व्या मिनिटाला बाहेर काढला तर १, क्लीन शीट नाही. गेल्या पाच मॅच काढा : सुरुवातीपासून किती खेळला, कितव्या मिनिटाला बाहेर आला, त्याच्या जागेवरचा नेहमीचा माणूस जखमेतून परत कधी येतोय. गुरुवारी युरोपा लीग खेळून रविवारी उतरणाऱ्या क्लबांचे विंगर मी सहसा टाळते. पेप ग्वार्डिओला प्रशिक्षक असताना सिटीत कोण बसणार आणि कोण खेळणार हे सांगणारा माणूस मला कधी भेटला नाही.

पाचपैकी तीनपेक्षा कमी वेळा सुरुवातीपासून खेळलेला खेळाडू, बाकी कितीही देखणा असो, माझ्या यादीत येत नाही.

एक सवलत : जागा नुकतीच मिळाली असेल तर. २१ डिसेंबर २०२५ ते १८ जानेवारी २०२६ला मोरोक्कोत आफ्रिका कप होता. लिव्हरपूलचा मोहम्मद सालाह इजिप्तसाठी गेला, एंबेमो कॅमेरूनसाठी. गेमनं त्या वेळी सगळ्यांच्या फुकट बदल्या पाचपर्यंत भरून दिल्या होत्या, आणि लोकांनी त्या नेहमीच्याच महागड्या नावांवर खर्च केल्या. गेलेल्यांच्या जागी महिनाभर पक्की जागा मिळणारे स्वस्त खेळाडू कोण, हे ज्यांनी बघितलं त्यांच्याकडे पैसे शिल्लक राहिले.

फिक्स्चरबद्दल, म्हणजे पुढच्या सामन्यांबद्दल, थोडक्यात : पुढच्या पाच मॅच बघा, एक नको. ॲपमध्ये सोपी-अवघड मॅच दाखवणाऱ्या हिरव्या-लाल रंगांवर पूर्ण भिस्त ठेवू नका, ते रंग क्लबच्या नावाकडे जास्त बघतात. आणि कपच्या मॅचमुळे वसंतात कुणाचे सामने पुढे ढकलले जाणार यावर लक्ष ठेवा, कारण पुढे त्याच क्लबांना एका गेमवीकमध्ये दोन मॅच मिळतात.

तुमच्या लीगचे टक्के वेगळे असतात

ॲपवर दिसते ती ओनरशिप जगभरातल्या एक कोटीहून जास्त टीमची. त्यातल्या कित्येक ऑक्टोबरमध्येच सोडून दिलेल्या असतात. मला हरवायचाय दादा, आणि त्याच्या टीमचा त्या टक्क्यांशी संबंध नाही. जगात २५ टक्क्यांकडे असलेला खेळाडू आमच्या सोळांत एकाकडेही नसतो असं सर्रास होतं, विशेषतः तो लिव्हरपूल, आर्सेनल किंवा युनायटेडचा नसेल तर.

डेडलाइन झाली की सगळ्यांच्या टीम उघड्या पडतात. तेव्हा एक कागद घ्या. खेळाडूंची नावं एका खाली एक, ज्याच्याकडे असेल त्याची एक रेघ, त्यानं कॅप्टन केला असेल तर दोन. समजा सोळांपैकी १४ जणांकडे सालाह आहे आणि त्यातल्या ९ जणांनी त्याला कॅप्टन केलंय. १४ अधिक ९, तेवीस रेघा. भागिले १६, म्हणजे जवळजवळ १४४ टक्के. सालाहनं १० पॉइंट केले तर लीगला सरासरी १४.४ मिळाले. तुमच्याकडे तो आहे पण कॅप्टन नाही, तर तुम्हाला १०. खेळाडू असूनही तुम्ही ४.४नं मागे गेलात. याउलट फक्त तुमच्याकडे असलेल्या कुणी १० केले, तर लीगच्या सरासरीपेक्षा ९.४ पुढे. हे दोन आकडे एकदा स्वतः काढून बघा, मग कुठे वेगळं व्हायचं आणि कुठे मुकाट गर्दीत राहायचं ते आपोआप कळायला लागतं.

आणि हो, वेगळेपणाची हौस म्हणून सालाहसारख्याला टीमबाहेर ठेवायचं नसतं. २०२४-२५ला त्यानं ३४४ पॉइंट केले, गेमच्या इतिहासातले सर्वांत जास्त. 'सगळ्यांकडे आहे म्हणून मी घेत नाही' म्हणणारे आमच्यातले दोघे ख्रिसमसपर्यंत ग्रुपवर बोलेनासे झाले. सगळ्यांकडे असलेले सात-आठ राहू द्या. जेवणात मीठ लागतं तेवढेच वेगळे घ्या, अकरांत दोन, फार तर तीन.

किती, हे तुम्ही टेबलात कुठे आहात त्यावरही आहे. दहा गेमवीक उरलेत आणि पुढचा ८० पॉइंटनी पुढे आहे, तर आठवड्याला ८ भरून काढायचेत. एका डिफरेन्शियलनं ते होणार नाही. दोन-तीन लागतील, आणि अधूनमधून कॅप्टनही वेगळा. पण तो वेगळा कॅप्टनसुद्धा पेनल्टी घेणारा, घरच्या मैदानावर खेळणारा असू दे. तुम्हीच पुढे असाल तर उलटं करा : मागच्याकडे जे आहे आणि तुमच्याकडे नाही, त्यातला सगळ्यांत धोकादायक खेळाडू घेऊन त्याची वाट बंद करा. दादा याला चोरी म्हणतो.

कधी घ्यायचा, कधी सोडायचा

किंमत वाढेल या भीतीनं रविवारीच बदली करणं ही फार महाग सवय. ०.१ वाचवायला जाता आणि मंगळवारी चॅम्पियन्स लीगमध्ये त्याचा स्नायू ताणतो. शिवाय वाढीचा निम्माच फायदा तुम्हाला मिळतो, ६.०ला घेतलेला ६.२ झाला तर विकताना ६.१. प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा शुक्रवारपर्यंत आटोपतात, तोवर थांबा.

डेडलाइन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी. शनिवारी दुपारी साडेबाराची मॅच असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे साडेतीन, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार. शुक्रवारी रात्रीची मॅच असेल तर हिवाळ्यात डेडलाइन आपल्या रात्री बाराला येते, आणि आमच्यातले निम्मे तोवर झोपलेले असतात. आमचा कारखाना शनिवारी चालू, त्यामुळे मी टीम शुक्रवारी रात्रीच लावते आणि शनिवारी चहाच्या सुट्टीत फक्त जखमींची यादी बघते.

घेतलेल्या खेळाडूला चार मॅच द्या. त्या काळात गोल आले की नाही यापेक्षा ज्या कारणासाठी घेतला ते कारण टिकलंय का ते तपासा. पेनल्टी अजून त्याच्याकडे आहेत, ९० मिनिटं खेळतोय, शॉट बॉक्सच्या आतून येतायत, तर ठेवा. जागा गेली, तर दुसऱ्या मॅचनंतरच काढा, चारची वाट बघू नका. त्यासाठी ४ पॉइंटचा हिट मात्र क्वचितच परवडतो, कारण नव्या माणसानं जुन्यापेक्षा चार जास्त केले तर कुठे बरोबरी. साठवलेल्या बदल्या याच कामासाठी ठेवा. आणि मध्येच सगळ्या लीगनं तुमचा खेळाडू घेतला तर वैतागून विकू नका. तो आता डिफरेन्शियल नाही एवढंच, पॉइंट तेवढेच देतो.

३८व्या गेमवीकमध्ये दहाही मॅच एकाच वेळी सुरू होतात, नेहमीप्रमाणे रविवारी असतील तर आपल्याकडे रात्री साडेआठला, डेडलाइन सातला. तिथं फॉर्मपेक्षा गरज बघा : कुणाला युरोपात जायला पॉइंट हवाय, कोण खालच्या लीगमध्ये पडण्यापासून वाचायला धडपडतोय, आणि कोण मनानं कधीच सुट्टीवर गेलाय. शेवटच्या प्रकारातल्या टीमविरुद्ध खेळणारा, कुणाकडे नसलेला फॉरवर्ड घ्या. तुम्ही पहिले असाल तर त्याऐवजी दुसऱ्याचा कॅप्टन कोण असेल याचा अंदाज बांधा आणि तोच ठेवा. दादाला हे ठाऊक आहे, म्हणून तो त्या दिवशी सातला दोन मिनिटं असताना कॅप्टन बदलतो. मी सातला एक मिनिट असताना.